पांढऱ्याची झांक

गेल्या वैशाखांत एका मुंजीच्या निमित्तानें आम्ही वेळणेश्वरास गेलों होतों. गांवाची ओळख आमच्या पुष्कळ वाचकांस करून द्यावयास नको. ज्यांचें कुलदैवत तेथील श्रीवेळणेश्वर आहे, तीं कुटुंबें पिढ्यान् पिढ्या तेथें अभिषेकास जात आलीं आहेत. गुहागर तालुक्यांतील सड्यावरून गाडी खालीं उतरूं लागली म्हणजे प्रथम माडांचे शेंडे, मग त्यांच्या फटींतून समुद्र, आणि अगदीं शेवटीं घरांचीं कौलें दृष्टीस पडतात. आमच्या यजमानांचें घर असेंच वाडींत, माडपोफळींच्या सावलींत दडलेलें आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पुढें अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, त्यामागें स्वयंपाकघर, असें सर्व जुन्या वळणाचें. मुंजीसाठीं म्हणून तें नुकतेंच आंतून बाहेरून रंगविलें होतें. आम्ही पायरीवर पाय ठेवतों न ठेवतों तोंच घरांतील थोरल्या वहिनींनीं विचारलें, "बरं झालं आलांत. आतां तुम्हीच सांगा, हा रंग राखी आहे कीं जांभळा?"

अशा प्रश्नास पाहुण्यानें उत्तर देऊं नये, हें आम्हांस कळत होतें. परंतु आंत जाऊन पाहतों तों माजघराची भिंत जांभळी दिसत होती, ह्यांत संशय नव्हता. वांग्याच्या सालीसारखी नव्हे. पुष्कळ वेळां धुतलेल्या जांभळ्या लुगड्यास जी पुसट कळा येते, तशी. धाकटे बंधु पुण्याहून रंगांचें छापील पत्रक घेऊन आले होते. अंगणांत उभे राहून त्यांनीं तें आम्हांस दाखविलें. "क्रमांक तोच आहे, डब्यावरही तोच आहे. पहा बरं, राखी आहे कीं नाहीं?" पत्रकावरील तुकडा खरोखरच राखी होता. वहिनींनीं एक शब्दही न बोलतां पत्रक त्यांच्या हातून घेतलें, माजघरांत नेलें आणि भिंतीस टेकविलें. पत्रकही जांभळें झालें!

ही हकीकत आम्ही नुसत्या गमतीसाठीं सांगत नाहीं. त्या भिंतीमुळें घरांत पंधरा दिवस अबोला धुमसत होता. चार भावांचें हें कुटुंब. थोरले वेळणेश्वरीं राहून वाडी पाहतात; बाकीचे तिघे पुणें, डोंबिवली व बडोदें येथें असतात. रंगाचा खर्च त्या तिघांनीं उचलला, आणि वहिनींना तेवढीच दगदग कमी व्हावी म्हणून रंगाची निवडही पुण्यांतच उरकून घेतली. हेतु चांगला होता. वहिनींस विचारावयाचें मात्र राहून गेलें. "राहून गेलें" हा शब्द एकत्र कुटुंबांत फार सोयीचा असतो. भावांनीं प्रथम रंगाऱ्यास दोष दिला, कीं त्यानें पाणी अधिक घातलें. रंगाऱ्यानें डब्याकडे बोट दाखविलें. डब्यावर क्रमांक बरोबर होता. शेवटीं वहिनींनाच जांभळें दिसतें, असें कोणीसें हंसत म्हणालें, आणि तें त्यांस लागलें. स्वयंपाकघरांत त्या आम्हांस म्हणाल्या, "वर्षांतले अकरा महिने ह्या भिंतींकडे मी पाहणार. आणि रंग ठरला कुठं, तर दुकानांत, ट्यूबलाइटखालीं."

ह्या शेवटच्या वाक्यांत सर्व शास्त्र आलें आहे. तें थोडें उलगडून पाहूं. पांढरा, राखी, बदामी, मातकट, सायीसारखा, अशा शांत रंगांस तटस्थ रंग म्हणण्याची हल्लीं चाल आहे. नांव चांगलें, पण फसवें. कोणत्याच बाजूस न झुकणारा असा रंग दुकानांतून सहसा घरीं येत नाहीं. दुकानदार पांढऱ्या मूळ रंगाचा डबा यंत्राखालीं ठेवतो, आणि यंत्र त्यांत काळ्या, पिवळ्या, तांबड्या, निळ्या, हिरव्या द्रव्याचे मोजके थेंब सोडतें. राखी रंग नुसत्या काळ्यानें क्वचितच साधतात. त्यांत कोठें निळा, कोठें तांबडा, कोठें पिवळा मिसळलेला असतो. त्यानें रंगास जी मंद, चटकन् लक्षांत न येणारी कळा येते, तिलाच आपण झांक म्हणतों. निळसर झांक, तांबूस झांक, हे शब्द आपल्या बोलण्यांत जुनेच आहेत. भडक रंग आपलें गोत्र दारांतच सांगून मोकळा होतो. फिक्का रंग तें लपवितो आणि लग्न लागल्यावर उघड करितो.

तें आधींच काढून घेण्याचे उपाय आहेत. एकच पांढरा रंग एकटा पाहिला तर तो पांढराच दिसतो. त्याशेजारीं कोरा पांढरा कागद ठेवावा. म्हणजे जो सायीसारखा वाटत होता तो गुलाबी आहे, आणि जो मोत्यासारखा वाटत होता तो हिरवट आहे, हें एका क्षणांत कळतें. स्वयंपाकघरांत हा प्रयोग करावयास कांहींच लागत नाहीं. मीठ, ताजें दहीं, ओल्या नारळाची वाटी, उकड्या तांदुळाचा भात आणि समईची वात, हीं एका ताटांत मांडून पहावीं. हीं सर्व पांढरीं आहेत असें आपण आजन्म म्हणत आलों. ताटांत मात्र एकाचें दुसऱ्याशीं जुळत नाहीं. पत्रकावर एकाच पट्टींत फिक्क्यापासून गडदपर्यंत छटा छापलेल्या असतील, तर सर्वांत गडद तुकड्याकडे पहावें. बहुधा त्याच कुळीचा रंग फिक्क्या तुकड्यांतही दडलेला असतो.

आमच्या वाचकभगिनींस हें नवें वाटणार नाहीं. साडी घेतांना त्या दुकानांतल्या गादीवर बसून निर्णय घेत नाहींत. घडी उचलून थेट दुकानाच्या पायरीवर येतात, उन्हांत पदर उलगडून पाहतात, मग आंत जाऊन पुन्हां पाहतात. श्रीखंडी आणि मोतिया, अंजिरी आणि डाळिंबी ह्यांतील भेद त्यांस कोणी शिकवावा लागत नाहीं. साडीस अगदीं मिळता म्हणून घेतलेला झंपर घरीं दिव्याखालीं निराळाच दिसतो, हा अनुभव तर घरोघरचा आहे. त्याचें कारण असें कीं, दोन कापडें निरनिराळ्या द्रव्यांनीं रंगविलेलीं असतात. एका उजेडांत तीं एकमेकांस मिळतात, दुसऱ्यांत मिळत नाहींत. सहा वारांच्या साडीसाठीं जी माणसें एवढी चिकित्सा करितात, तींच चार खोल्यांच्या भिंतींसाठीं बोटाएवढ्या कागदाच्या तुकड्यावर विश्वास कसा ठेवतात, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

आतां वेळणेश्वरच्या उजेडाकडे वळूं, कारण खरी मेख तेथें आहे. ज्या दुकानांत रंग निवडला, तेथें डोक्यावर थंड पांढरे दिवे होते. अशा दिव्याच्या खोक्यावर ६५०० केल्विन असा आंकडा असतो. त्याच्या प्रकाशांत निळ्याचा अंश अधिक असतो. घरांत संध्याकाळीं लागणारा पिवळसर दिवा २७०० ते ३००० केल्विनचा असतो. त्यांत तांबड्या-पिवळ्याचा अंश अधिक. निवडलेल्या राखी रंगांत किंचित् जांभळी झांक होती. जांभळा म्हणजे निळा आणि तांबडा. दुकानाच्या दिव्यानें त्यांतील निळा उचलून धरला व तांबडा झांकला, म्हणून रंग कसा निवळशंख, गंभीर राखी दिसला. वेळणेश्वरास जातांच पारडें फिरलें. तेथें घरांत येणारा उजेड आकाशांतून सरळ येत नाहीं. तो जमिनीवरून उसळून येतो, आणि ती जमीन तांबडी आहे. अंगण जांभ्याचें, गडगे जांभ्याचे, माजघरांतला कोबा तांबडा. ज्या वस्तूवरून उजेड परततो, तिचा थोडा रंग तो बरोबर घेऊन येतो. दुपारीं अंगणांत ऊन पडलें कीं पडवीच्या आढ्यास खालून तांबूस कळा येते, ती कोंकणांतल्या कोणत्याही घरांत पहावी. तोच तांबूस उजेड माजघरांत शिरला, आणि भिंतींतला दडलेला तांबडा जागा झाला.

ह्याच्या भरीस वाडी आहे. माडपोफळींच्या झावळ्यांतून गाळून आलेला प्रकाश हिरवट असतो. डोळ्याचा स्वभाव असा कीं, हिरव्याची संवय झाली म्हणजे तो त्यास पांढराच समजूं लागतो, आणि मग खरोखरीचा करडा त्यास गुलाबीकडे झुकलेला दिसतो. वाडींतून फिरून माजघरांत आलेल्या माणसास भिंत अधिकच जांभळी वाटे, ती ह्यामुळें. शिवाय खोलीच्या भिंती समोरासमोर असल्यानें एकीचा रंग दुसरीवर पडतो, दुसरीचा पुन्हां पहिलीवर. कोपऱ्यांत तर तो दाट होतो. म्हणून पत्रकावर जी झांक नखाएवढी, ती चार भिंतींच्या मध्यें उभें राहिल्यावर खोलीभर होते.

पाश्चात्य पुस्तकांत एक नियम हमखास सांपडतो: उत्तरेकडील खोलीचा उजेड निळसर व थंड, म्हणून तेथें उबदार रंग द्यावा, दक्षिणेकडील खोलीस थंड रंग चालतो. तो नियम लंडनास लागू आहे. वेळणेश्वर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेसतरा अंशांवर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत भर दुपारीं सूर्य तेथें अगदीं माथ्यावर येतो, आणि तेव्हांपासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत मध्यान्हीं तो उत्तरेच्या बाजूस असतो. त्यांतही जूनपासून ढग. रत्‍नागिरी जिल्ह्यांत वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पावसाळ्यांत दिशांचा भेदच मावळतो. सगळीकडे एकच करडा, दमट उजेड असतो. आमच्याकडे खिडकी उत्तरेस आहे कीं दक्षिणेस, ह्यापेक्षां खिडकीबाहेर काय आहे हें अधिक महत्त्वाचें. बाहेर तांबडी माती आहे, हिरवी बाग आहे, शेजारच्या इमारतीची पिवळी भिंत आहे, कीं मोकळें आकाश आहे? पश्चिमेस समुद्र असलेल्या ओटीवर तर सकाळचा रंग निराळा आणि सूर्यास्ताचा निराळा. शहरांतल्या वाचकांनींही हा प्रश्न आपल्या खिडकीस विचारून पहावा. समोरच्या इमारतीस विटकरी रंग दिला तेव्हांपासून आमचा दिवाणखाना उगाच गुलाबी वाटूं लागला, असें एक गृहस्थ आम्हांस सांगत होते. उगाच नव्हे, हें आतां त्यांस कळेल.

शेजाराचा परिणाम केवळ उजेडानें होतो असेंही नाहीं. पॅरिस येथील गोब्लें नांवाच्या सरकारी विणकामाच्या कारखान्यांत शेव्ह्रल ह्या नांवाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळें सूत फिकें पडतें, त्यांत दम नाहीं, अशी त्यांच्याकडे तक्रार आली. त्यांनीं सूत तपासलें. सुतांत कांहींच दोष नव्हता. तें ज्या रंगांच्या शेजारीं विणलें जाई, त्या रंगांनीं त्याचें तेज हिरावून घेतलें होतें. ह्या एका तक्रारीवरून त्यांनीं पुष्कळ प्रयोग केले आणि १८३९ सालीं ह्या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा सिद्धांत थोडक्यांत असा: शेजारीं ठेवलेले दोन रंग एकमेकांस आपापल्या विरुद्ध बाजूस ढकलतात. तांबड्याशेजारीं करडा हिरवट दिसतो, हिरव्याशेजारीं गुलाबी, पिवळ्याशेजारीं जांभळट. (शेव्ह्रल १७८६ सालीं जन्मले आणि १८८९ सालीं वारले, भिंतींविषयीं वाद घालणाऱ्या घरांतून एवढें आयुष्य लाभत नसावें.)

हा सिद्धांत आपल्या फरशीस लावून पहा. कोटा फरशी हिरवट असते. तिच्यावर उभी राहिलेली करडी भिंत गुलाबी भासते, आणि घरमालक रंगाऱ्याशीं भांडतो. शाहाबादी निळसर करडी असते. तिच्याजवळ सायीचा रंग दुप्पट पिवळा दिसतो. हल्लींच्या बदामी टाइलांत बहुधा गुलाबी झांक असते, व तिच्याशेजारीं पिवळट पांढरी भिंत मळल्यासारखी वाटते. म्हणून आमचा आग्रह असा कीं, जें बदलावयाचें नाहीं त्यापासून आरंभ करावा. फरशी, ओटा, लांकडी दारें, आजोबांचें शिसवी कपाट, हीं घरांत आधींपासून बसलेलीं वडीलधारीं मंडळी आहेत. भिंतीचा रंग ही नवी सून. सुनेचा चेहरा एकटीचा पाहून भागत नाहीं.

जांभ्याच्या बाबतींत मात्र एक मौज आहे. जांभ्यावरून येणारा उजेड भिंतीस तांबूस करितो. उलट जांभ्याच्या उघड्या चिऱ्यास लागून जी भिंत असते, ती शेजारामुळें हिरवट भासते. एकाच घरांत, एकाच डब्यांतला रंग माजघरांत जांभळा आणि चिऱ्याच्या चौथऱ्यापाशीं शेवाळी दिसला, तर डब्यास दोष देऊं नये.

आमच्या वाडवडिलांस हीं नांवें ठाऊक नव्हतीं, पण काम ठाऊक होतें. कोंकणांत शिंपल्यांचा चुना भाजून त्याची सफेदी करीत. निवळ चुन्यास थोडी पिवळट झांक असते. म्हणून त्यांत कपड्यांची नीळ चिमूटभर टाकीत. निळ्यानें पिवळा मारला म्हणजे पांढरा पांढरा दिसतो, ही गोष्ट धोतर धुणाऱ्या प्रत्येक घरास माहीत होती. नीळ जास्त झाली तर भिंत आजारी दिसे, म्हणून ती घालण्याचें काम घरांतली अनुभवी बाईच करी. आधीं करवंटींत थोडा चुना घेऊन, भिंतीवर एक हात मारून, वाळल्यावर पाहूनच. ओला चुना निराळा दिसतो व वाळलेला निराळा, हें तिला पक्कें ठाऊक असे. आजचे रंगही वाळतांना बदलतात. आज मात्र डबा उघडून बोट बुडवून पसंती देणारे आहेत. चुन्याचा आणखी एक गुण असा कीं, तो भिंतीस श्वास घेऊं देतो. जांभ्याची भिंत पावसाळ्यांत ओल धरते. तिच्यावर प्लास्टिकसारखा घट्ट थर दिला तर ओल आंत कोंडते, पापुद्रे सुटतात, आणि मग झांक कोणती हा प्रश्नच उरत नाहीं.

हल्लींच्या पांढऱ्या रंगाचें सत्त्व टायटॅनियम डायॉक्साइड हें आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तें कारखान्यांतून निघूं लागलें. तें इल्मेनाइट नांवाच्या काळ्या वाळूपासूनही काढतात, आणि ती काळी वाळू रत्‍नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यास, काळबादेवी व मिऱ्या येथील उपसागरांत सांपडते. इतका पांढरा रंग काळ्या वाळूच्या पोटांत असावा, ही सृष्टीची थट्टाच म्हणावयाची. पण हा पांढराही निर्भेळ नसतो. जांभळ्या टोकाचा थोडा प्रकाश तो गिळतो, म्हणून त्यास अगदीं किंचित् उबदार झांक असते. जुन्या दारांखिडक्यांस दिलेल्या पांढऱ्या तैलरंगाची गोष्ट आणखी निराळी. तो अंधारांत पिवळा पडतो. मुंबई-पुण्याच्या मंडळींचीं गांवचीं घरें दहा-दहा महिने बंद असतात. दार उघडतांच दारांच्या चौकटी पिवळ्या कां दिसतात, ह्याचें कारण धूळ नव्हे, हें आहे. असे जुने थर काढतांना ते कोरडे खरवडूं नयेत. जुन्या रंगांत शिसें असण्याचा फार संभव असतो, व त्याची धूळ लहान मुलांस बाधक आहे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे सरकारी नियमानें कडक मर्यादा आली ती २०१६ सालच्या नियमांनीं.

इतकें सर्व आम्ही माजघरांत बसून सांगत होतों, तेव्हां कोपऱ्यांत आजी वाती वळीत होत्या. त्यांस चौऱ्याऐंशीवें चालू आहे. फाल्गुनांत चिपळुणास त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदु काढला. डावा अजून काढावयाचा आहे. त्यांनीं वात खालीं ठेवली, एक डोळा हातानें झांकला, भिंतीकडे पाहिलें. मग दुसरा झांकला. "ह्या डोळ्यानं पाहिलं तर भिंत जांभळी-निळी दिसते," त्या म्हणाल्या, "आणि ह्या डोळ्यानं पाहिलं तर चहा सांडल्यासारखी. दोन्ही डोळे माझेच. खोटं कुणाला पाडूं?"

माजघरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. आजींचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. डोळ्यांतील भिंग वयाबरोबर पिवळें होत जातें, आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशास आंत येऊं देत नाहीं. हा बदल इतका हळूं होतो कीं माणसास त्याचा पत्ताच लागत नाहीं. मोतीबिंदु काढून स्वच्छ भिंग बसविलें म्हणजे निळा एकाएकीं परत येतो. फ्रेंच चित्रकार मोने ह्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदु १९२३ सालीं काढला. पुढें रंग विपरीत दिसतात म्हणून ते रंगीत कांचांचे चष्मे लावून चित्रें काढीत. एकत्र कुटुंबांत विशीपासून ऐंशीपर्यंतचे डोळे एकाच भिंतीकडे पाहत असतात. सासूबाईंस जी भिंत सायीसारखी, ती सुनेस हिरवट, आणि दोघींपैकीं हट्टी कोणीच नाहीं. "वहिनींनाच जांभळें दिसतें" असें जे हंसून म्हणाले होते, ते आजींच्या वाती मोजूं लागले.

मुंज जांभळ्या माजघरांतच लागली, आणि बटूचें कांहीं बिघडलें नाहीं. दुसरे दिवशीं वहिनींनीं कामास हात घातला. जुन्या खोक्यांचे दोन-दोन फुटी पुठ्ठे कापले, चार नमुन्यांच्या लहान डब्या मागविल्या, आणि प्रत्येक पुठ्ठ्यास दोन-दोन हात दिले. कडेनें बोटभर पांढरी किनार कोरी ठेवली. थेट भिंतीवर ठिगळें मारूं नयेत हें त्यांस आम्हीं सांगितलें होतें, कारण जुना जांभळा शेजारीं राहून नव्यास बिघडवील. नांवें पाठीमागें लिहिलीं. नांवानें माणूस फसतो. "हिमालयीन धुकें" असें छापलेलें वाचल्यावर डोळा रंग पाहत नाहीं, धुकें पाहतो. चार दिवस ते पुठ्ठे माजघरांत फिरत राहिले: पहाटे देवघराच्या बाजूस, दुपारीं कोब्याला टेकून, दिवेलागणीस दिव्याखालीं. तिसरे दिवशीं वळवाचे ढग आले, तीही सोय झाली.

निळसर पांढरा दिवसा ठीक होता, पण दिव्याखालीं निस्तेज, मळका झाला. माजघरासारख्या अंधाऱ्या खोलींत निव्वळ पांढरा दिला म्हणजे ती उजळते, हा समज अर्धाच खरा आहे. उजेड पुरेसा नसला तर तो पांढरा सावलीसारखा करडा दिसतो. गुलाबी झांकेची साय कोब्याजवळ नेतांच भगवी होऊं लागली. पिवळट पुठ्ठा आजींस आवडला, पण त्यांच्या एकाच डोळ्यास. चौथा पुठ्ठा किंचित् हिरवट झांकेचा होता. अंगणांत पाहिला तेव्हां सर्वांनीं नाकें मुरडलीं. कच्च्या पेरूच्या गराचा रंग, असें बडोद्याच्या जाऊबाई म्हणाल्या. तोच माजघरांत ठेवला तेव्हां तांबूस उजेडानें त्यातला हिरवा मारला, आणि चौघांत तोच एक स्वच्छ, उबदार पांढरा दिसला. नीळ घालून चुन्याचा पिवळा मारण्याचीच ही युक्ति होय. पाठीवरचें नांव वाचून पाहिलें, तर दुकानांत कोणीही ज्याच्याकडे ढुंकून पाहिलें नसतें असा तो होता.

निघण्याच्या दिवशीं धाकटे बंधु म्हणाले, "वहिनी, माजघराचा रंग तुम्हीच ठरवलात, छान झालं. डबे मी पुण्याहून पाठवून देतों."

"नको भावजी," वहिनी म्हणाल्या, "डबेही मीच आणीन. गुहागरास मिळतात."

पावसाच्या आधीं माजघर व स्वयंपाकघर नव्यानें रंगलें. जुन्या राखी रंगाचे दीड डबे उरले होते. ते वाया जाऊं नयेत म्हणून गोठ्यास दिले. गोठा घराच्या मागें उघड्यावर आहे, पुढें सिमेंटची गच्च जमीन आहे, आणि वर मोकळें आकाश. गेल्या आठवड्यांत वहिनींचा फोन आला होता. गोठा पत्रकांतल्यासारखा हुबेहूब राखी दिसतो, जांभळ्याचा लवलेश नाहीं, असें भावजींना अवश्य कळवा, म्हणाल्या.